गिअर ढिला झाला आहे: लिव्हर बदलावा की बुश?

प्रश्न: माझ्याकडे वडिलांनी 2003 साली नवी घेतलेली मारुती झेन आहे. गाडी 1 लाख 40 हजार किलोमीटर चालली आहे, पण इंजिन अजून ठणठणीत आहे. तक्रार गिअरची आहे. न्यूट्रलमध्ये लिव्हर वरणात फिरवलेल्या पळीसारखा कुठेही हलतो आणि खंबाटकी घाटात चौथ्यातून तिसरा टाकताना हात चाचपडतो. मित्राने शॉर्ट थ्रो शिफ्टर (गिअर टाकताना हात कमी फिरावा म्हणून बसवतात तो वेगळ्या मापाचा लिव्हर) बसवण्याचा सल्ला दिला आहे. आमच्या भागातील एक टर्नर लिव्हरच्या खालच्या टोकाला तुकडा वेल्ड करून तो लांबवून द्यायला तयार आहे. हे करावे का? आणि सांध्यांतले बुश (रबरी किंवा नायलॉनच्या छोट्या नळ्या) घरी बदलता येतात का? (एक वाचक, सातारा)

उत्तर: आपण बुश बदला, लिव्हरला सध्या हात लावू नका आणि वेल्डिंगचा विचार मनातून काढूनच टाका. हे एवढ्या ठामपणे का सांगतो, ते कळण्यासाठी आपला हात आणि गिअरबॉक्स यांच्यामध्ये काय काय आहे हे पाहावे लागेल.

झेनचा गिअरबॉक्स पुढे बॉनेटखाली आहे आणि लिव्हर दोन सीटच्या मधे आहे. त्यांना जोडणारे दोन रॉड गाडीच्या पोटाखालून जातात. त्यांतला एक कंट्रोल शाफ्ट. लिव्हर मागे-पुढे केला की हा शाफ्ट सरकतो, डावी-उजवीकडे केला की स्वतःभोवती फिरतो, आणि या दोन हालचालींतून गिअर निवडला जातो व पडतो. दुसरा एक्स्टेन्शन रॉड. तो गिअर टाकत नाही. लिव्हरची बैठक गिअरबॉक्सशी बांधून ठेवणे एवढेच त्याचे काम. चढावर ॲक्सिलरेटर दाबला की इंजिन आपल्या माउंटिंगवर (रबरी आधारांवर) झुकते. त्याच्याबरोबर लिव्हरची बैठकही झुकावी, म्हणजे इंजिनाच्या हालचालीने गिअर ओढला जाऊ नये, यासाठी हा रॉड असतो. पहिल्या रॉडचे बुश बदलले जातात आणि या दुसऱ्याचा रबरी बुश हमखास राहून जातो. मग गाडी सपाट रस्त्यावर नीट चालते आणि घाटात पुन्हा तीच तक्रार सुरू होते. आपला त्रास घाटात जास्त जाणवतो, म्हणून हा बुश आधी पाहा.

आता शॉर्ट शिफ्टरचा हिशेब पाहू. लिव्हर एका गोळ्यावर टेकलेला असतो. सोयीसाठी गोळ्याच्या वरचा भाग 240 मिलिमीटर आणि खालचा 60 मिलिमीटर धरा. हे प्रमाण 4 झाले. गिअर पडण्यासाठी खालचे टोक 12 मिलिमीटर सरकावे लागत असेल, तर नॉब 48 मिलिमीटर सरकतो. खालचा भाग 80 मिलिमीटर केला की प्रमाण 3 होते आणि नॉबचा प्रवास 36 मिलिमीटरवर येतो. हात 25 टक्के कमी फिरतो, पण जोर एक तृतीयांशाने जास्त लागतो, कारण तेवढेच काम कमी अंतरात करायचे असते.

ढिलाईचेही गणित असेच चालते. दोन सांधे प्रत्येकी 1 मिलिमीटर झिजले असतील, तर मूळ लिव्हरच्या नॉबवर 8 मिलिमीटर प्ले (मोकळी हालचाल) जाणवतो, म्हणजे प्रवासाचा सहावा हिस्सा. शॉर्ट शिफ्टर बसवल्यावर प्ले 6 मिलिमीटर होतो, पण प्रवासही 36 मिलिमीटरच उरलेला असतो. हिस्सा सहावाच राहतो. शिवाय गिअरचे कप्पे एकमेकांच्या जवळ येतात. ढिल्या लिंकेजवर (लिव्हर ते गिअरबॉक्सच्या जोडणीवर) जवळ आलेले कप्पे ही खरी भीतीची गोष्ट आहे, कारण वेगात पाचव्यातून चौथा टाकताना चुकून दुसरा पडला, तर चाके इंजिनाला त्याच्या मर्यादेपलीकडे फिरवतात आणि व्हॉल्व्हपर्यंत नुकसान पोहोचू शकते.

जास्त जोर लागण्याचा परिणाम सिंक्रोनायझर रिंगवरही होतो. ही पितळी रिंग गिअरच्या शंकूवर घासून दोघांचा वेग जुळवते आणि त्यासाठी तिला क्षणभर वेळ लागतो. आखूड लिव्हर झटकन ओढण्याचा मोह होतो, आणि तो क्षणभर न थांबणारा हात ही रिंग लवकर झिजवतो. एवढे किलोमीटर चाललेल्या गिअरबॉक्सवर तो भार टाकू नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

वेल्डिंगला माझा विरोध वेगळ्या कारणाने आहे. लिव्हर हा रोज शेकडो वेळा दोन्ही बाजूंना वाकवला जाणारा भाग आहे आणि वेल्डच्या कडेला उष्णतेने ठिसूळ झालेला पट्टा तिथेच तडकतो. खाली लांबवलेले टोक कंट्रोल शाफ्टलाही खाली ढकलते, त्याचा कोन बदलतो आणि तो एक्झॉस्टच्या जवळ जातो.

बुश घरी बदलता येतात. मात्र आधी तपासणी करा. इंजिन बंद ठेवून एकाने लिव्हर हलवावा आणि दुसऱ्याने खाली टॉर्च धरून सांध्यांकडे पाहावे; लिव्हर हलतो पण शाफ्ट हलत नाही, असा जो सांधा दिसेल तो दोषी. माझ्या स्वतःच्या गाडीचा गिअरबॉक्स एका गॅरेजने याच तक्रारीसाठी खाली उतरवला होता. नंतर मी गाडीखाली पाठीवर पडून पुढच्या सांध्याचा बोल्ट काढला, तेव्हा बुशचा भुगा ओल्या चहापत्तीसारखा तळहातावर पडला आणि बोल्टचे गोल भोक अंडाकृती झालेले दिसले. भोक असे झाले असेल तर नुसता बुश घालून उपयोग नाही. तो जोडही बदलावा लागतो. शिवाय उभ्या गाडीत, क्लच पूर्ण दाबूनही रिव्हर्स टाकताना करकर होत असेल, तर क्लच सुटत नाही असे समजा आणि आधी क्लच केबल तपासा.

काम करताना गाडी नुसत्या जॅकवर ठेवून खाली कधीही जाऊ नका. सपाट जागा, मागच्या चाकांना उटी आणि पुढे दोन भक्कम स्टँड हवेतच. रॉड सोडण्यापूर्वी जोडाच्या स्थितीवर रंगाची खूण करा. जुना बुश हातोडीने ठोकून काढण्याऐवजी लांब बोल्ट, वॉशर आणि योग्य मापाचा सॉकेट घेऊन दाबून काढा. नवाही तसाच ओढून बसवा. कंट्रोल शाफ्टच्या सांध्यांना नायलॉनचा किंवा पॉलियुरेथेनचा बुश चालतो आणि गिअर नेमका पडतो. एक्स्टेन्शन रॉडला मात्र रबरच ठेवा. तिथे पितळेचा किंवा कडक बुश घातला, तर इंजिनाची थरथर थेट लिव्हरमध्ये येते आणि लांबच्या प्रवासात हाताला मुंग्या येतात. रबराला साधे ग्रीस लावू नका, कारण खनिज तेलाने रबर फुगते. सिलिकॉन ग्रीस वापरा. गाडी खाली घेण्यापूर्वी, इंजिन बंद असतानाच, रिव्हर्ससह सगळे गिअर टाकून पाहा, आणि प्रत्येक गिअर पूर्ण पडण्याआधी लिव्हर कन्सोलच्या कडेला अडत नाही ना, हे बोट घालून तपासा. तिथे अडला तर गिअर अर्धवट पडतो आणि चालत्या गाडीत निसटतो.

हे सगळे झाल्यावरही लिव्हर लांब वाटला, तर वरच्या बाजूने 30–40 मिलिमीटर कापून नव्याने आटे पाडून घेता येतात. वरच्या हिशेबाने 40 मिलिमीटर कापल्यास प्रवास सुमारे 17 टक्के कमी होतो. सांधे शाबूत राहतात, फक्त नॉब स्टिअरिंगपासून थोडा दूर जातो.

प्रश्न: मी कॅलिफोर्नियात राहतो आणि माझ्याकडे 1996 सालची माझदा मियाटा आहे. लिव्हरभोवती गरम हवा येते, आवाजही येतो. शॉर्ट शिफ्टर बसवताना हे आपोआप दुरुस्त होईल का?

उत्तर: आपोआप होणार नाही, पण ते काम त्याच वेळी करता येईल. आपल्या गाडीत इंजिन उभे, म्हणजे गाडीच्या लांबीच्या दिशेने, बसवलेले आहे आणि लिव्हर रॉडशिवाय थेट गिअरबॉक्सच्या वरच्या तोंडात उतरतो. लिव्हरच्या टोकावर नायलॉनची छोटी टोपी असते, वर रबरी बूट (आवरण) असतो, आणि त्या तोंडात गिअरबॉक्सपासून स्वतंत्र असे थोडे तेल असते, जे गिअरबॉक्सचे तेल बदलताना बदलले जात नाही. बूट फाटला की खालची उष्णता आणि आवाज वर येतो.

कन्सोल काढा, 10 नंबरच्या पान्याने लिव्हरच्या तबकडीचे तीन बोल्ट सोडा आणि लिव्हर वर ओढा. टोपी जुनी असेल तर तिचे तुकडे आतच राहतात. ते चिमट्याने एकेक वेचून काढा, काळे तेल सिरिंजने ओढून घ्या आणि 75डब्ल्यू-90 जीएल-4 दर्जाचे गिअर तेल घाला. नवी टोपी आणि नवा बूट घालून आधी मूळ लिव्हरच परत बसवा व आठवडाभर चालवा, कारण या गाडीचा लिव्हर कारखान्यातूनच आखूड येतो. त्यानंतरही शॉर्ट शिफ्टर हवासा वाटला, तर तेच तीन बोल्ट पुन्हा सोडायचे आहेत.