शेजाऱ्याने कटाई थांबवली म्हणून

सावदा

चिरंजीवास अनेक उत्तम आशीर्वाद.

तुझं पत्र मिळालं. युद्ध पेटलेल्या देशातून बाकीच्या कंपन्या निघाल्या, आमचे साहेबही निघू म्हणतात, टिपण काय लिहू, असं विचारलंस.

मी रावेर-सावद्याकडे बरीच वर्षं केळी खरेदी केली. एका उन्हाळ्यात उत्तरेकडे गडबड झाल्याची खबर आली. एका व्यापाऱ्याने कटाई थांबवली. त्याला नक्की काय कळलं, हे मी विचारलं नाही. संध्याकाळपर्यंत आम्ही सगळेच थांबलो. रस्ता चालूच होता. घड मात्र झाडावरच पिकले. त्या शेतकऱ्याचा चेहरा अजून डोळ्यापुढून जात नाही.

२०२२ बघ. २४ फेब्रुवारीला रशियाने युक्रेनवर चाल केली. २७ ला ब्रिटनच्या बीपी या तेल कंपनीने रॉसनेफ्ट या रशियन सरकारी तेल कंपनीतला १९.७५ टक्के हिस्सा सोडायचं जाहीर केलं, दुसऱ्या दिवशी शेल निघाली, मग एक्सॉनमोबिल, याही तेल कंपन्याच. ८ मार्चला मॅकडोनाल्ड्स, स्टारबक्स, कोका-कोला, पेप्सिको, सगळ्यांच्या घोषणा एकाच दिवशी. कपडे ही जगण्याची गरज आहे, दुकानं चालू ठेवू, असं युनिक्लो या जपानी कपड्यांच्या कंपनीचे प्रमुख म्हणाले होते. १० मार्चला तीही थांबली.

ही नुसती देखादेखी नव्हे. मर्स्क या जहाज कंपनीने अन्न-औषधं वगळून कंटेनरचं बुकिंग बंद केलं, व्हिसा-मास्टरकार्डनेही काम थांबवलं. जहाज नाही, पैसा येत नाही, तर तिथे राहून धंदा कसा करणार? म्हणून टिपणात दोन याद्या कर. दुसरे गेल्यामुळे आपलं खरोखर काय अडलं, ही एक. दुसरे गेले म्हणून आपल्याला फक्त काय बोललं जाईल, ही दुसरी. साहेबांना दोन्ही दाखव, पण एकीत दुसरी मिसळू देऊ नकोस.

आणि गर्दीत निघण्याची किंमत लिही. सगळेच विकायला बसले की भाव घेणारा ठरवतो. निस्सानने तिथला कारभार एका युरोला दिला. कार्ल्सबर्ग या बिअर कंपनीने निघायचं मार्च २०२२ मध्येच ठरवलं होतं, पण गिऱ्हाईक जमवेपर्यंत जुलै २०२३ मध्ये सरकारनेच ताबा घेतला.

माझं मत विचारशील तर, दुसऱ्याच्या देशावर चाल करणाऱ्याकडे कर भरत राहणं मला पटत नाही, बाकी सगळे तिथे राहिले तरी. पण टिपण पाठवण्याआधी तुमच्या तिथल्या गोदामातल्या माणसांना फोन लाव. त्यांचा पगार किती महिने देणार, तो आकडा पहिल्या पानावर घाल.