लहान मुलांना वर्णद्वेष कळतो का? तुमच्या मुलाचा एखादा अनुभव सांगाल का?

कळतो. माझी मुलगी सहा वर्षांची असताना तिला रोझा पार्क्स यांची गोष्ट सांगत होते. १ डिसेंबर १९५५, अमेरिकेतलं मॉन्टगोमेरी शहर, गोऱ्या प्रवाशासाठी बसमधली जागा सोडायला नकार, मग अटक. मी त्यांचं शौर्य रंगवून सांगत होते, तेवढ्यात ती म्हणाली, "पण आधी त्याच बसल्या होत्या ना?" तिच्या लेखी निकाल लागला होता.

मग मी तिथल्या बसची रीत सांगितली. काळ्या प्रवाशांनी पुढच्या दाराने चढून पैसे भरायचे, खाली उतरायचं आणि मागच्या दाराने पुन्हा चढायचं. कधीकधी ते मागच्या दारापर्यंत पोचायच्या आतच ड्रायव्हर बस घेऊन निघून जायचा. १९४३ मध्ये पार्क्स यांच्यावरही ही वेळ आली होती, आणि ड्रायव्हर तोच, पुढे १९५५ मध्ये ज्याने पोलीस बोलावले.

हे ऐकून ती ताडकन उठून बसली. "पैसे घेऊन पळाला? मग पोलिसांनी त्यालाच धरायला हवं होतं!" वर्णद्वेष हा शब्द मी तोवर कितीदा तरी वापरला होता. ती सरळ चोरी म्हणत होती. मला तिचाच शब्द जास्त खरा वाटला, अजूनही वाटतो.

दुसऱ्या दिवशी तिने घरातल्या खुर्च्या ओळीने मांडून बस केली. बाहुल्या बसल्या, अस्वल बसलं. मी ड्रायव्हरच्या खुर्चीकडे वळले तर म्हणाली, "तिथे नको. त्याने अजून सॉरी म्हटलं नाहीये."

क्लॉडेट कॉल्व्हिनबद्दल मी तिला काही महिन्यांनी सांगितलं. पार्क्स यांच्या नऊ महिने आधी, त्याच शहरात, १५ वर्षांच्या या शाळकरी मुलीनेही जागा सोडली नव्हती. तिलाही अटक झाली. पुढे बसमधला भेदभाव न्यायालयाने १९५६ मध्ये घटनाबाह्य ठरवला, त्या खटल्यातल्या चार स्त्रियांपैकी ती एक. माझी लेक माझ्यावरच चिडली. "मग आधी तिचं नाव का नाही सांगितलंस?" खरंच, सांगायला हवं होतं. आणि मग विचारलं, "पोलिसांच्या वहीतलं तिचं नाव खोडलं का?"

"नाही," मी म्हटलं. तेव्हा तेच खरं होतं.

२०२१ च्या डिसेंबरमध्ये बातमी आली, कॉल्व्हिन यांच्यावरचा तो ठपका न्यायालयाने नोंदीतून काढून टाकला. वयाच्या ८२ व्या वर्षी. मी धावत जाऊन लेकीला सांगितलं. आता ती स्वतः पंधरा वर्षांची होती. तिने पुस्तक मिटलं, मनात हिशेब केला आणि म्हणाली, "म्हणजे सहासष्ट वर्षं ते तसंच लिहिलेलं होतं?"