गावातल्या मुलांची इंग्रजी वाक्यं तपासताना नेमकं काय दुरुस्त करावं?

तुम्ही लिहिलंय की शिकवणीत सगळ्या चुका लाल केल्या तर पोरं लिहायलाच घाबरतात, आणि सोडून दिल्या तर पालक म्हणतात, 'वही तपासली कुठं?' मी यवतमाळ जिल्ह्यातल्या एका खेड्यात सातवी-आठवीला शिकवतो. सुरुवातीला मीही वह्या लालभडक करायचो. मग एक पोरगा गाइडमधले निबंध उतरवून आणायला लागला. चूक एकही नाही, आणि त्याचं स्वतःचं वाक्यही एक नाही!

आता पेन उचलायच्या आधी मी एवढंच शोधतो, की हे लिहिताना पोराच्या डोक्यात कोणतं वाक्य होतं. 'येस्टरडे आय हॅड गॉन टू यवतमाळ' आमच्याकडे एकाआड एका वहीत सापडतं. त्याच्या पोटात 'काल यवतमाळले गेल्तो' आहे. आपल्याला 'गेलो होतो' म्हणायला कालचं जाणं पुरतं. इंग्रजीत 'हॅड गॉन' म्हणायचं तर ते जाणं भूतकाळातल्याच दुसऱ्या एखाद्या गोष्टीच्या आधीचं लागतं: मी फाट्यावर पोचलो, तोवर बस गेली होती. इथं बसला 'हॅड गॉन', मला 'रीच्ड'. नुसतं काल गेलो तर 'वेंट'. हे बसच्या उदाहरणानं लगेच कळतं, कारण बस प्रत्येकाची चुकलेली असते.

दुसरा घोळ 'पासून'चा. आपण '2019पासून' म्हणतो आणि 'पाच वर्षांपासून'ही म्हणतो, म्हणून पोरं दोन्हीकडे 'सिन्स' लावतात: 'आय लिव्ह हिअर सिन्स फाइव्ह इयर्स.' सुरुवात सांगायची तर 'सिन्स', किती काळ ते सांगायचं तर 'फॉर'. शिवाय आपलं 'राहतो' वर्तमानात चालतं, इंग्रजीला तिथं 'हॅव बीन लिव्हिंग' लागतं. एका वाक्यात दोन चुका, पण एका वेळी एकच सांगा.

शब्दांची गंमत शेतीच्या निबंधात. 'माय फादर टेक्स कॉटन अँड रिमूव्ह्ज सोयाबीन.' बाबा कापूस घेतात, सोयाबीन काढतात; पोराचं काय चुकलं? मी विचारतो, 'घेतात म्हणजे दुकानातून?' वर्ग हसतो, मग 'ग्रो' आणि 'हार्वेस्ट' फळ्यावर येतात. वेचणीला 'पिक'. हे शब्द घरचेच असल्यानं विसरत नाहीत.

'गेव्ह द एग्झाम' मी खोडत नाही. इंग्रजांकडे परीक्षा मास्तर देतो आणि विद्यार्थी घेतो, पण भारतात सगळेच 'देतात'. समासात 'टुक' लिहितो, मार्क कापत नाही. 'ए', 'अ‍ॅन', 'द'चं दुखणं लांबचं; मराठीत तसलं काही नाहीच, ते वाचून वाचूनच येईल.

दर महिन्याला मी एकच चूक धरतो. तिच्याखाली पेन्सिलची रेघ मारतो, उत्तर लिहीत नाही. पोरगं वाक्य मोठ्यानं वाचतं आणि स्वतः खोडतं. पालकांसाठी वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवतो: 'या महिन्यात फक्त काळ तपासला आहे.' तरी एक आजोबा दर शनिवारी येतात आणि विचारतात, 'गुरुजी, स्पेलिंग कोण पाह्यते मंग?'