वाचक विचारतात : एक आडनाव, अनेक घराणी

प्रश्न : अभिनेत्री स्मिता पाटील, क्रिकेटपटू संदीप पाटील आणि माजी राष्ट्रपती प्रतिभाताई पाटील हे एकाच घराण्यातील आहेत, असे अनेकदा ऐकले आहे. त्यात तथ्य आहे का?

उत्तर : तथ्य नाही, ही तीन स्वतंत्र घराणी आहेत. स्मिता पाटील या शिरपूरचे राजकीय नेते शिवाजीराव गिरधर पाटील यांच्या कन्या. १९८१ मध्ये ॲडलेड कसोटीत १७४ धावांची खेळी करणारे आणि पुढे १९८३ च्या विश्वविजेत्या संघात असलेले संदीप मधुसूदन पाटील मुंबईचे. प्रतिभाताई जळगाव जिल्ह्यातील नारायणराव पाटील यांच्या कन्या.

असा गैरसमज होतो, कारण आडनाव म्हणजे रक्ताचे नाते असे आपण धरून चालतो. पाटीलकी हा गावचा वंशपरंपरागत अधिकार होता. सारा वसूल करणे आणि गावात बंदोबस्त राखणे ही पाटलाची कामे, तर हिशेब आणि दप्तर कुलकर्ण्याकडे. जितकी गावे तितके पाटील, त्यामुळे मराठा, लेवा, लिंगायत, आगरी, जैन अशा कितीतरी समाजांत हे आडनाव रुजले. १९६२ च्या कायद्याने राज्यातील वंशपरंपरागत महसुली पाटीलकी संपुष्टात आली, आडनाव मात्र टिकले. देशमुख आणि कुलकर्णी या आडनावांचेही असेच आहे.

प्रतिभाताईंच्या बाबतीत आणखी एक गोष्ट आवर्जून सांगण्यासारखी आहे. त्यांचे पती देवीसिंह शेखावत. विवाहानंतरही सार्वजनिक जीवनात त्या माहेरच्या पाटील आडनावानेच ओळखल्या गेल्या. २००७ च्या राष्ट्रपतिपदाच्या निवडणुकीत त्यांचे प्रतिस्पर्धी होते भैरोंसिंह शेखावत. म्हणजे त्यांनी सासरचे आडनाव लावले असते, तर मतपत्रिकेवरची दोन्ही नावे शेखावतांचीच दिसली असती.

प्रश्न : सुशीलकुमार शिंदे आणि एकनाथ शिंदे हे महाराष्ट्राचे दोन माजी मुख्यमंत्री परस्परांचे नातेवाईक आहेत का? दोघांच्याही वडिलांचे नाव संभाजी असल्याचे वाचनात आले.

उत्तर : वडिलांच्या नावाबद्दल आपण वाचले ते बरोबर आहे, पण नाते नाही. सुशीलकुमार शिंदे सोलापूरचे. ते २००३ ते २००४ या काळात मुख्यमंत्री होते. एकनाथ शिंदे मूळचे सातारा जिल्ह्यातील दरे गावचे, त्यांचे राजकारण ठाण्यात घडले आणि २०२२ ते २०२४ या काळात ते मुख्यमंत्री राहिले. दोघांचा समाज वेगळा, पक्ष वेगळा. मराठी माणसाचे नाव, वडिलांचे नाव आणि आडनाव असे तिन्ही भाग पाहिले की बहुतेक वेळा उलगडा होतो. येथे वडिलांचे नावही जुळल्यामुळे नेमकी तीच खूण फसवी ठरली. ग्वाल्हेरचे शिंदे हे साताऱ्याकडील कण्हेरखेडचे असल्याने एखाद्या शिंद्यांचे मूळ सातारा जिल्ह्यात आहे एवढ्यावरून त्यांचा संबंध थेट महादजींशी जोडला जातो, तेही योग्य नाही. लोकगायक प्रल्हाद शिंदे आणि अभिनेते सयाजी शिंदे यांच्याविषयीही केवळ आडनावावरून नात्याचा तर्क करू नये.

राजकारण आणि क्रिकेट यांना जोडणारे खरे नाते मात्र शिंदे आडनावापाशीच सापडते, आणि ते सहसा ध्यानात येत नाही, कारण दोन्हीकडची आडनावे निराळी आहेत. फिरकी गोलंदाज सदाशिव गणपतराव ऊर्फ सदू शिंदे भारताकडून सात कसोटी सामने खेळले. १९५१ मध्ये दिल्लीत इंग्लंडविरुद्ध एका डावात त्यांनी ९१ धावांत सहा बळी घेतले. दुर्दैवाने १९५५ मध्ये, वयाच्या तिशीतच, त्यांचे निधन झाले. त्यांची कन्या प्रतिभाताई या शरद पवार यांच्या पत्नी. पुढे पवार भारतीय क्रिकेट नियामक मंडळाचे आणि आंतरराष्ट्रीय क्रिकेट परिषदेचे अध्यक्ष झाले, पण सदू शिंदे आपल्या जावयाची ही कारकीर्द पाहायला हयात नव्हते.