गवती चहा घेतला, तरी झोप का येत नाही?

"गोळी नको हो मॅडम, सवय लागते. त्यापेक्षा कुंडीतलं काहीतरी सांगा." झोपेची तक्रार घेऊन येणारे बहुतेक जण पहिल्या दहा मिनिटांत या वाक्यावर येतात. पुण्यात गच्चीवर बाग करणाऱ्यांना तोटा नाही. जानेवारीत एम्प्रेस गार्डनचं पुष्पप्रदर्शन होऊन गेलं की हा प्रश्न जरा जास्तच कानावर येतो, अशी माझी आपली एक समजूत आहे. कुणी ब्राह्मी आणलेली असते, कुणी अश्वगंधा, कुणी तुळशीचा काढा करत असतं. तक्रार मात्र एकच: "घेतोय, पण झोप येत नाही. प्रमाण चुकतंय का?"

या सगळ्यांना मी विनायकरावांची गोष्ट सांगते. नाव आणि ओळखीच्या खुणा बदलल्या आहेत, आणि सांगायला त्यांची परवानगी आहे.

विनायकराव चिंचवडच्या एका कारखान्यात गुणवत्ता तपासणीच्या विभागात होते. स्वेच्छानिवृत्ती घेतली आणि काही महिन्यांत झोप उडाली. मुलीचं लग्न व्हायचं होतं, फ्लॅटचे हप्ते थोडे राहिले होते. थायरॉइड, साखर, रक्तदाब सगळं तपासून झालं होतं, त्यात काही निघालं नव्हतं. ते आले ते एक वही घेऊन. पट्टीने आखलेले रकाने: तारीख, वनस्पती, मात्रा, घेतल्याची वेळ, झोप लागल्याची वेळ, जाग आल्याची वेळ, शेरा. ब्राह्मीपुढे शेरा होता 'निरुपयोगी'. (मोबाइलवर फोटो दाखवला तेव्हा कळलं, ती गोल, कातरलेल्या कडांची मंडूकपर्णी होती. नर्सरीत तीही ब्राह्मी म्हणूनच मिळते. खरी ब्राह्मी बारीक, जाडसर पानांची, जमिनीलगत पसरणारी.) गवती चहापुढे शेरा होता 'अनियमित'.

"गवती चहा कसा करता?" मी विचारलं.

"नेहमीसारखाच. दोन पाती, आलं, साखर, चहा पावडर, दूध."

"किती वाजता?"

"जेवण झाल्यावर. साडेनऊ."

"म्हणजे रात्री साडेनऊला तुम्ही चहा पिता."

"चहा नाही मॅडम, गवती चहा!"

शेजारी बसलेल्या त्यांच्या पत्नीला हसू आवरेना. हे हसण्यावारी न्यायचं नाही, कारण आपल्याकडे बहुतेक घरांत गवती चहा असाच होतो, पावडरीसकट. चहातलं कॅफिन शरीरातून निम्मं व्हायला साधारण पाच तास लागतात. साडेनऊचा कप म्हणजे रात्री अडीचलाही त्यातलं निम्मं अंगात शिल्लक. पावडर आणि दूध बंद झालं. दोन रात्री बऱ्या गेल्या आणि तिसऱ्या रात्रीचा शेरा वहीत आला, 'अपयश'. अनेक जण इथेच थांबतात आणि नवी वनस्पती शोधायला लागतात.

पुढच्या भेटीत मी वनस्पतीचं काहीच विचारलं नाही.

"झोप लागल्याची वेळ तुम्ही लिहिता कशी?"

"घड्याळ बघतो. शेवटची बघितलेली वेळ आठवते, ती सकाळी लिहितो."

"आणि ती बघायला जागं कोण असतं?"

ते थोडे चपापले. मग म्हणाले, "सवय आहे हो. तपासल्याशिवाय माल सोडायचा नाही, यातच तीस वर्षं गेली."

मी वही चाळत होते. मे महिन्यात दोन दिवसांच्या ओळी कोऱ्या होत्या.

"इथे काय झालं?"

"भाचीचं लग्न होतं, वाईला. वही नेली नव्हती."

"झोप?"

"कार्यालयाच्या हॉलमध्ये गाद्या टाकल्या होत्या. एका बाजूला मेहुणे घोरत होते, वर पंखा कुरकुरत होता. पण लागली. सकाळी हिने हलवून उठवलं."

"झोपायच्या आधी काय घेतलं होतंत?"

"काय घेणार? जेवणातला मठ्ठा."

"आडवं होताना मनात काय होतं?"

"हेच, की आज काही झोप मिळत नाही. नाही तर नाही, एका रात्रीने काय होतंय."

मी गप्प राहिले. या कामात गप्प कधी राहायचं हे कळायला वर्षं जातात आणि ते जमलं की आतून बरं वाटतं, हे कबूल करते. विनायकराव त्या कोऱ्या ओळींकडे बराच वेळ बघत होते. शेवटी म्हणाले, "मॅडम, हे वाक्य मी घरी का म्हणत नाही?"

तिथे आमचं काम खरं तर सुरू झालं. घरी ते काय म्हणायचे, ते आम्ही कागदावर उतरवलं: आज झोप लागलीच पाहिजे, नाही लागली तर उद्याचा दिवस वाया, असंच चाललं तर एक दिवस हार्ट अटॅक. एवढं डोक्यावर घेऊन आडवा झालेला माणूस कुठलीही पानं उकळून प्यायला तरी झोपेल कसा?

माणसाला घटना अस्वस्थ करत नाहीत, त्या घटनांविषयीची त्याची मतं अस्वस्थ करतात, असं एपिक्टेटस हा ग्रीक तत्त्वज्ञ सांगून गेला. अल्बर्ट एलिस यांनी १९५५च्या सुमारास न्यूयॉर्कमध्ये याच विचारावर विवेकनिष्ठ उपचारपद्धती उभी केली. मी त्याच वाटेवरची. झोप यावी ही इच्छा आहे आणि ती रास्त आहे. ती आलीच पाहिजे हा अट्टहास. इच्छा पुरी झाली नाही तर माणूस खट्टू होतो, अट्टहास पुरा झाला नाही तर घाबरतो, आणि घाबरलेलं शरीर जागं राहतं. नुसतं घड्याळ भिंतीवरून काढूनही काम भागतं, असं माझे काही सहकारी म्हणतील. थोडंफार भागतं. पण 'झोप लागलीच पाहिजे' हे वाक्य मनात तसंच राहिलं तर माणूस मोबाइलवर वेळ बघतो.

मग गवती चहाचं काय? मी त्यांना खरं सांगितलं. ब्राझीलमध्येही तो घरोघरी झोपेसाठी आणि जिवाची घालमेल शमावी म्हणून पितात. तिथल्या संशोधकांनी १९८६ मध्ये निरोगी माणसांवर त्याची पद्धतशीर चाचणी घेतली. झोप किंवा बेचैनी, दोन्हींवर त्याचा परिणाम दिसला नाही. मला वाटलं होतं, ते हिरमुसतील. ते म्हणाले, "मग त्याला शेरा द्यायचं कारणच उरलं नाही."

अगदी तेच. मी गवती चहा बंद करायला सांगत नाही, उलट चालू ठेवायला सांगते. गच्चीवर जायचं, कात्रीने दोन-तीन पाती कापायची (कडा धारदार असतात, हाताने ओढू नका), कपभर पाण्यात उकळून पाच मिनिटं झाकून ठेवायची. पावडर नाही, दूध नाही. झोपायच्या तासभर आधी छोटाच कप, नाही तर रात्री बाथरूमसाठी उठावं लागतं. त्या वेळात मोबाइल आतल्या खोलीत आणि दिवे मंद. दिवस संपला, हे शरीराला या रोजच्या क्रमातून कळतं. एवढंच त्याचं काम, आणि ते थोडं नाही.

बाकीचं पथ्य कंटाळवाणं आहे आणि म्हणूनच टाळलं जातं. सकाळी उठायची वेळ रोज एकच, रविवारीही. बराच वेळ झोप लागत नाहीये असं वाटलं की घड्याळ न बघता उठायचं, दुसऱ्या खोलीत मंद दिव्यात काहीतरी संथ वाचायचं, डोळे जड झाले की परत यायचं. आणि दुपारची वामकुक्षी बंद. एक ते चारच्या शहरात हे सांगायला धैर्य लागतं, पण सांगते.

विनायकराव आजही आठवड्यातून एखादी रात्र जागे असतात. "मग मी उठून बसतो आणि मुलीच्या लग्नाच्या याद्या करतो," असं फोनवर म्हणाले. याद्या नकोत, असं मी सांगितलं. ऐकतील असं वाटत नाही.

अश्वगंधेची गोष्ट वेगळी आहे. ती औषधच आहे, म्हणून औषधासारखीच वागवावी. गरोदरपणात, थायरॉइडच्या किंवा झोपेच्या गोळ्या चालू असताना, यकृताचा त्रास असताना ती मनाने घेऊ नये. आठवड्यातून तीन किंवा जास्त रात्री, तीन महिन्यांहून अधिक काळ झोप येत नसेल, मोठ्याने घोरून दिवसा डुलक्या येत असतील, किंवा पहाटे जाग येऊन जगणं नको वाटत असेल, तर कुंडीकडे न वळता थेट डॉक्टरांकडे जा. आणि झोपेची गोळी आधीच चालू असेल तर ती परस्पर बंद करू नका. कमी करायची ती डॉक्टरांना विचारून, टप्प्याटप्प्याने.