पश्चिमेच्या भिंतीवर सागवान लावताय? आधी फट बघा

"ठेकेदार म्हणतो, फट ठेवली तर पाली-झुरळं शिरतील." पश्चिमेच्या भिंतीवर सागवानी फळ्या लावताना फळ्या आणि भिंतीमध्ये फट ठेवावी का, या तुमच्या पोस्टमधलं हे वाक्य वाचून थांबलोच. सहा वर्षांपूर्वी प्रतापनगरच्या घरी मी हेच ऐकलं होतं आणि मान डोलावली होती. घरही तुमच्यासारखंच, चाळीस वर्षांचं. पश्चिमेची भिंत नवतप्यात (मे अखेरच्या कडक उन्हाच्या नऊ दिवसांत) रात्री अकरालाही हात ठेवू देत नव्हती, म्हणून सागवानी फळ्यांचं आवरण.

मी इंजिनिअर नाही, पैसे घालवलेला माणूस आहे, तेवढं धरून वाचा.

मला फळ्या उभ्याच हव्या होत्या. मिस्त्रीने आडव्या पट्ट्या थेट भिंतीवर ठोकल्या, त्यावर उभ्या फळ्या, खाली-वर सिमेंटने बंद. इथेच माती खाल्ली. नीट केलं तर फळ्या ऊन झेलतात, मागची तापलेली हवा वरून निघून जाते, खालून नवी येते. खरं काम त्या मोकळ्या जागेचंच. आमच्याकडे प्रत्येक आडवी पट्टी हवेला बांध आणि पाण्याला बसायला ओटा झाली. जुलैच्या तिरप्या पावसाचं पाणी सांध्यातून आत गेलं ते तिथेच बसलं. दिवाळीआधी एक फळी उकलली, तर मागचं प्लास्टर नखाने निघत होतं आणि पट्टीच्या पांढऱ्या भागावर (सालीलगतच्या कच्च्या लाकडावर) उधईने, म्हणजे वाळवीने, मातीची नळी चढवलेली. सगळं काढलं, पुन्हा केलं. दुसऱ्यांदा जास्त पैसे गेले, बायकोने वर्षभर ऐकवलं ते वेगळं.

आता भिंतीवर आधी उभ्या पट्ट्या, मग आडव्या, मग फळ्या. (फळ्याच आडव्या चालत असतील तर नुसत्या उभ्या पट्ट्या पुरतात.) मागे निदान इंचभर जागा, खाली-वर उघडी, तोंडाला स्टीलची बारीक जाळी. पालीचा प्रश्न तिथेच संपला. खालची फळी जमिनीपासून फूटभर वर. स्क्रू स्टेनलेस स्टीलचेच. साध्या लोखंडी स्क्रूंनी सागावर काळे ओघळ येतात, माझ्या पहिल्या भिंतीवर आले होते.

लाकूड घेताना पांढरा भाग अजिबात नको, उधई तिथूनच सुरू करते. बिल आणि वाहतूक पास (लाकूड नेण्याचा वनखात्याचा परवाना) मागा. "नंतर देतो" म्हणणाऱ्याकडून घेऊ नका.

फ्लॅट स्कीमच्या उंच इमारतीला मात्र मी हे सुचवणार नाही. आग लागली तर तीच फट धुराड्यासारखी जाळ वर ओढते. तुमचं घर दुमजली आहे म्हणून बोलतोय.

ऑर्डर द्यायच्या आधी भिंतीच्या तळाचं प्लास्टर ठोकून बघा. पोकळ वाजलं तर लाकूड थांबवा, आधी ओल शोधा. फोटो टाका, बघतो.