करोनासारखी साथ आली की लोकांचा खर्च कसा बदलतो, आणि त्यातलं कायमचं काय राहतं? अशा वेळी सरकारनं स्वस्त कर्ज द्यावं की थेट हातात पैसे?

अर्थशास्त्र शिकलेली मंडळी तुम्हाला आलेख दाखवतीलच. माझं दादर पश्चिमेला, स्टेशनपासून चार मिनिटांवर, पोळीभाजी केंद्र आहे. सतरा वर्षं झाली. त्यामुळे मी काउंटरच्या आतल्या बाजूनं सांगते. तुमच्या प्रश्नाच्या दुसऱ्या भागाचं उत्तर आधी देते, कारण त्यावरून माझं आणि माझ्या थोरल्या भावाचं जे वाजलं ते अजून मिटलेलं नाही. गिऱ्हाईक दारात नसताना दिलेलं कर्ज म्हणजे मदत नाही. दादा बँकेतून निवृत्त झालेला. तो म्हणाला, "स्वस्त पैसा नाकारणारा माणूस धंद्यात टिकत नाही." हे २०२० च्या मे महिन्यातलं बोलणं. मी टिकले आहे.

आता सुरुवातीपासून सांगते.

त्या वर्षी पाडवा २५ मार्चला होता. पाडव्याला आमच्याकडे श्रीखंड-पुरीच्या ऑर्डरी असतात, ऑफिसांच्या आणि घरगुती. मी बावीस किलो चक्का सांगून ठेवला होता, पैसे आगाऊ दिले होते. २२ तारखेला जनता कर्फ्यू झाला, त्याच रात्रीपासून लोकल बंद. २४ ला रात्री आठ वाजता देशभर टाळेबंदी जाहीर झाली. त्या क्षणी माझ्या फ्रीजमध्ये सगळा चक्का, वेलदोडे कुटून ठेवलेले, आणि माझ्याकडे पोळ्या लाटायला असलेल्या पाच बायकांपैकी एकही येऊ शकत नव्हती. कुणी कळव्याची, कुणी दिव्याची, एक नालासोपाऱ्याची. पाडव्याच्या दिवशी मी आणि माझ्या मुलीनं चक्का फेटला आणि आमच्या इमारतीत, शेजारच्या दोन इमारतींत वाटून टाकला. पैसे कुणाकडे मागायचे? उद्या काय होणार हे कुणालाच माहीत नव्हतं.

तयार जेवणाच्या पार्सलला टाळेबंदीतही परवानगी होती, हे मला ठाऊक आहे. पण माझं गिऱ्हाईक कोण, ते समजून घ्या. संध्याकाळी सहा ते साडेआठ या वेळात दादरला उतरणारी किंवा गाडी बदलणारी नोकरदार माणसं. घरी जाऊन भाजी टाकायची, पोळ्या आमच्याकडून न्यायच्या. रोज अकराशे-बाराशे पोळ्या जायच्या. लोकल थांबली तशी ही माणसंच नाहीशी झाली. त्यांच्याकडे पैसे नव्हते असं नाही, बऱ्याच जणांचा पगार चालू होता. पण ती आता घरी बसून स्वतः पोळ्या करायला शिकत होती.

खर्च कसा बदलतो म्हणता ना, तो असा बदलतो. हॉटेल, कपडे, प्रवास, चप्पल, पार्लर हे आठवड्याभरात थांबलं. वाण्याकडचा माल, औषधं, मोबाइलचं रिचार्ज, गॅस यांना हात लावता येईना, उलट ते वाढलं. लोक तयार खाणं सोडून कच्चा माल घेऊ लागले. हे मला एप्रिलच्या तिसऱ्या आठवड्यात कळलं, जेव्हा समोरच्या इमारतीतल्या काकू पोळ्या नको म्हणाल्या पण थालीपिठाची भाजणी आहे का विचारू लागल्या. मग मी भाजणी, मेतकूट, गोडा मसाला आणि डांगराचं पीठ केलं. चार महिने आमचं घर त्यावर चाललं. त्यासाठी मला एका पैचंही कर्ज लागलं नाही, धान्य आणि चक्की जवळ होती.

दुसरा बदल पैसे देण्याचा. आमच्याकडे महिन्याच्या खात्याची वही होती, पंचवीस-तीस घरांची. साथीत नोटांना हात लावायची भीती बसली आणि सगळे मोबाइलवर आले, सत्तरीच्या आजींसुद्धा. देशभरात यूपीआयचे व्यवहार एप्रिल २०२० मध्ये सुमारे १०० कोटी झाले होते, ऑक्टोबरमध्ये २०० कोटींच्या वर गेले. वही मी परत उघडलीच नाही. उधारी संपली हे धंद्याला चांगलंच, पण महिनाअखेरीला हात आखडलेल्या घराला चार दिवस सांभाळून घेण्याची सोयही तिच्याबरोबर गेली.

आता सरकारचं. १२ मे २०२० ला २० लाख कोटींचं पॅकेज जाहीर झालं आणि दुसऱ्याच सकाळी दादाचा फोन. त्या २० लाख कोटींत रिझर्व्ह बँकेनं बँकांसाठी मोकळे केलेले सुमारे ८ लाख कोटी धरलेले होते, आणि ३ लाख कोटींची लहान उद्योगांसाठीची कर्जहमी. म्हणजे मोठा भाग बँकांकडून येणारा, आणि आपण घेतला तर परत करायचा. दादाचं म्हणणं असं की माझ्या बाकी कर्जाच्या २० टक्के जास्तीचं कर्ज विनातारण मिळतंय, व्याज ९.२५ टक्क्यांच्या वर जाणार नाही, पहिलं वर्ष मुद्दल नाही, घेऊन टाक. मी म्हटलं, घेऊन काय करू? कणीक मळून कुणासाठी ठेवू? तो म्हणाला, भाडं भर. भाडं भरायला कर्ज काढायचं, आणि ते फेडायला पोळ्या विकायच्या, ज्या विकत घ्यायला माणूसच स्टेशनातून बाहेर पडत नाही.

ते कर्ज मी घेतलं नाही. पण हप्ते लांबवण्याच्या सवलतीबाबत मी दादाचं ऐकलं, आणि ते मला महागात पडलं. कणीक मळायचं मशीन आणि फ्रीज यांवरचं माझं ६ लाखांचं कर्ज बाकी होतं, १२ टक्क्यांनी, ४८ हप्ते राहिलेले, हप्ता पंधरा हजार आठशे. मार्च ते ऑगस्ट २०२० असे सहा महिने हप्ता भरला नाही तरी चालेल असं रिझर्व्ह बँकेनं म्हटलं होतं. पण व्याज चालूच होतं. ते मुद्दलात मिळून सहा लाखांचे ६ लाख ३६ हजार ९१२ झाले. ४८ चे ५२ हप्ते झाले. फेब्रुवारी २०२४ ला संपायचं कर्ज डिसेंबर २०२४ ला संपलं. पुढे व्याजावरचं व्याज सरकारनं परत केलं, तेव्हा नोव्हेंबर २०२० मध्ये माझ्या खात्यात ९१२ रुपये जमा झाले. मला त्या सहा महिन्यांत हप्ता भरणं शक्य नव्हतं असं नाही. भाजणीच्या पैशांतून निम्मे तरी भरता आले असते. दादा म्हणाला, "सगळेच घेतायत, तूही घे." पहिल्या तारखेला पेन्शन जमा होणाऱ्या माणसानं हा सल्ला देऊ नये असं माझं स्पष्ट मत आहे, आणि हे मी त्याला भाऊबीजेला तोंडावर सांगितलं.

आणि माझ्या बायकांचं बघा. कळव्याच्या मावशींचं जनधन खातं होतं, त्यात महिन्याला ५०० असे तीन महिने पैसे आले. तीन महिन्यांचे १५०० रुपये. त्यांच्या खोलीचं महिन्याचं भाडं त्याच्या दुपटीहून जास्त. दिव्याच्या बाईचं रेशनकार्ड केशरी, अन्नसुरक्षेत नाव नाही, त्यामुळे फुकट धान्य नाही. मे महिन्यात राज्यानं केशरीवाल्यांना गहू ८ रुपये आणि तांदूळ १२ रुपये किलोनं दिला, माणशी ५ किलो. एप्रिल २०२१ मध्ये राज्य सरकारनं नोंदणी असलेले फेरीवाले, बांधकाम कामगार, घरकामगार आणि परवानाधारक रिक्षावाले यांना १५०० रुपये जाहीर केले. पोळ्या लाटणारी बाई यांतल्या कुठल्याच यादीत बसत नाही. मी त्यांना ऑगस्टपर्यंत अर्धा पगार दिला, त्यापुढे माझ्याच्यानं झालं नाही. ही गोष्ट मला अजून टोचते. दिव्याच्या बाईनं मंगळसूत्राच्या वाट्या ठेवून पैसे उचलले. त्याच ऑगस्टमध्ये रिझर्व्ह बँकेनं सोन्याच्या किमतीच्या ७५ टक्क्यांऐवजी ९० टक्क्यांपर्यंत कर्ज द्यायची बँकांना मुभा दिली होती. म्हणजे बाईच्या गळ्यातलं सोनं तिच्याच नावावर जास्त कर्ज चढवायला कामी आलं.

याउलट ज्यांचा पगार चालू होता त्यांच्याकडे पैसा साठत होता. राज्यानं १ सप्टेंबर २०२० पासून घराच्या खरेदीवरचं मुद्रांक शुल्क मुंबईत ५ वरून २ टक्क्यांवर आणलं, आणि डिसेंबरात मुंबईत एकोणीस हजारांवर घरांची नोंदणी झाली. केंद्रानं आपल्या कर्मचाऱ्यांना प्रवासभत्त्याच्या बदल्यात खरेदीची सवलत दिली, पण अट अशी की १२ टक्के किंवा जास्त जीएसटीच्या वस्तू घ्यायच्या, ३१ मार्च २०२१ च्या आत. आमचे एक जुने गिऱ्हाईक, केंद्र सरकारी नोकरीतले, त्यांनी त्यात वॉशिंग मशीन घेतलं. पोळीभाजीला तो दर लागतच नाही. सरकारनं खर्च वाढवायची इच्छा दाखवली, पण पैसा कारखान्याच्या वस्तूंकडे वळवला. गल्लीतला शिंपी, इस्त्रीवाला, खाणावळवाली यांच्यापर्यंत तो आला नाही.

माझा धंदा कशानं उठला ते सांगते. २१ ऑक्टोबर २०२० ला, नवरात्रात, सर्व महिलांना लोकलची परवानगी मिळाली. सकाळी ११ ते दुपारी ३ आणि संध्याकाळी ७ नंतर. कळव्याच्या मावशी आणि नालासोपाऱ्याची बाई ११ च्या गाडीनं आल्या, दुपारभर लाटत बसल्या, ७ नंतर परत गेल्या. आणि त्याच संध्याकाळी सव्वासातला स्टेशनाकडून बायका येताना दिसल्या, मास्क लावलेल्या, खांद्याला पर्स. पहिल्या बाईनं बारा पोळ्या मागितल्या. त्या दिवशी १४० गेल्या. मी तवा बंद करून मागच्या खोलीत जाऊन रडले. मग फेब्रुवारी २०२१ मध्ये सगळ्यांना लोकल खुली झाली, पण पहाटेपासून ७ पर्यंत, दुपारी १२ ते ४ आणि रात्री ९ नंतर. संध्याकाळचे माझे नेमके तास पुरुषांसाठी वगळलेले. एप्रिलमध्ये परत बंद, आणि १५ ऑगस्ट २०२१ ला दोन लशी घेतलेल्यांना सुरू. माझी विक्रीची वही आणि लोकलच्या तारखा शेजारी ठेवल्या तर एकच आलेख निघेल. पॅकेजच्या तारखांशी तिचा काही संबंध दिसत नाही.

देशाचं सांगायचं तर एप्रिल ते जून २०२० या तिमाहीत जीडीपी २३.९ टक्के घसरल्याचा पहिला अंदाज आला, आणि लोकांचा खाजगी खर्च त्याहूनही जास्त, २६.७ टक्के. खर्च करणारा माणूसच घरी बसला होता. त्या वेळी दुकानदाराला कर्ज आणि गिऱ्हाइकाला थोडीफार रक्कम असं न करता उलटं करायला हवं होतं. महिन्याला चार-पाच हजार, सहा महिने, यादीत नाव असो नसो, निदान शहरातल्या रोजंदारीच्या घरांना. वर त्याच दिवसांत, मार्च आणि मे २०२० मध्ये, पेट्रोलवरचा केंद्राचा कर मिळून १३ रुपयांनी वाढला. एका हातानं द्यायचं आणि दुसऱ्यानं काढून घ्यायचं, हे मला तेव्हाही पटलं नव्हतं.

तुम्ही कायमच्या बदलाचंही विचारलंय. आमच्याकडे आता मंगळवार, बुधवार, गुरुवार गर्दी असते आणि सोमवार-शुक्रवार मोकळे जातात, कारण ऑफिसं तीन दिवसांची झाली. बाराशेच्या आता आठशे-साडेआठशे पोळ्या होतात. भाजणी मात्र चालूच आहे, पूर्वी आम्ही ती ठेवतही नव्हतो.

काही गोष्टी राहिल्या, त्या सांगायला हव्यात. साथीतल्या जादा फुकट धान्यानं करोडो घरं तगली आणि ते २०२२ च्या डिसेंबरपर्यंत चाललं, हे मी नाकारत नाही. अमेरिकेनं माणशी १२०० डॉलरचे चेक वाटले, पुढे आणखी वाटले, आणि जून २०२२ मध्ये तिथली महागाई ९.१ टक्क्यांवर गेली. त्यामागे इतर कारणंही होती, पण थेट पैसे वाटण्याची किंमत मोजावी लागत नाही असं मी म्हणणार नाही. आणि हमीचं कर्ज ज्यांच्याकडे ऑर्डरी होत्या त्यांना उपयोगी पडलं. दादाच्या मित्राचा अंबरनाथला पॅकिंगचे खोके बनवायचा कारखाना आहे, औषध कंपन्यांचं काम होतं, त्यानं ते कर्ज घेतलं आणि वेळेत फेडलं. दादा दर वेळी त्याचंच उदाहरण देतो. त्याच्याकडे माल उचलायला ट्रक येत होता. माझ्या दारात सात महिने कुणी येत नव्हतं. तुमच्या धंद्यात यांतलं काय लागू आहे ते आधी बघा, मग बँकेत जा.